बेळगावचे बाबा पदमनजी : उघडपणे स्वीकारलेली मुक्ती

चोर्ला घाट चढून बेळगावात जाणाऱ्या गोमंतकीयाला बाजार, इस्पितळे आणि महाविद्यालये यांमुळे हे शहर परिचयाचे असते. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी ‘यमुनापर्यटन’ ज्याने लिहिली, तो लेखक याच मातीतला होता, हे मात्र क्वचितच कुणाच्या ध्यानी येते. बाबा पदमनजी मुळे यांचा जन्म १८३१ साली बेळगावात एका कासार कुटुंबात झाला. अंतःकरणाला पटलेला धर्म उघडपणे स्वीकारण्याचे स्वातंत्र्य त्यांनी मिळवले आणि त्याची किंमतही आयुष्यभर चुकवली.

बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. पाठोपाठ छावणी वसली आणि १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर तेथे दाखल झाले. पुढे विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले. बेळगावातील बेनन स्मिथ हायस्कूलच्या नावात त्यांची आठवण आजही टिकून आहे. पदमनजींचे घर मात्र कर्मठ. सोवळेओवळे, व्रतवैकल्ये आणि सणवार यांच्या चाकोरीत त्यांचे बालपण गेले. मिशनच्या शाळेत बसणारा हा मुलगा घरी परतला की देवपूजेतही मन लावून रमत असे. दोन जगांची ही ओढाताण त्याच्या मनात लहानपणीच सुरू झाली.

पुढील शिक्षणासाठी ते मुंबईला गेले. फ्री चर्चच्या विद्यालयात मरे मिचेल यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले. त्याच सुमारास, १८४९ मध्ये, दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा स्थापन केली होती. जातिभेद मोडणे हे या सभेचे ब्रीद. ख्रिस्ती भटाऱ्याने भाजलेला पाव सभासद खात आणि जातिबंधन झुगारल्याची ग्वाही देत. गोव्यात घरोघरी येणारा साधा पाव त्या काळच्या मुंबईत असा बंडाचे चिन्ह ठरला होता. पण हे बंड बंद दाराआड चाले. सभेबाहेर पडल्यावर प्रत्येक जण आपापल्या जातीच्या पंगतीत जाऊन बसे. पदमनजीही या सभेत सामील झाले होते. जे सत्य चारचौघांत बोलता येत नाही ते माणसाला मोकळे कसे करणार, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. सभासदांची नावे फुटल्यावर १८६० मध्ये ती सभा विस्कळीत झाली. पदमनजींनी त्याआधीच आपली वाट निवडली होती.

बायबलाचे वाचन, मित्रांशी वादविवाद आणि मनातली दीर्घ घालमेल यांतून त्यांचा निश्चय झाला. १८५४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. मुंबईच्या गर्दीत हे पाऊल उचलणे कदाचित सोपे गेले असते. परंतु ज्या गावात प्रत्येक जण नावानिशी ओळखत होता, तेथेच ते उचलले गेले. घरच्यांना हा आघात जिव्हारी लागला आणि जातीची दारे बंद झाली. धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क १८५० च्या कायद्याने सुरक्षित केला होता. पण आईच्या स्वयंपाकघरातली जागा परत मिळवून देणे कोणत्याही कायद्याच्या हाती नव्हते. पापाच्या भयातून आणि कर्मकांडाच्या ओझ्यातून ख्रिस्ताने आपल्याला सोडवले, ही त्यांची दृढ श्रद्धा होती, आणि तिच्या बळावरच त्यांनी हा वियोग सोसला.

गोमंतकीय वाचकाला या चरित्रातील एक गोष्ट विशेष जाणवेल. पोर्तुगीज अमलात बाप्तिस्म्याबरोबर नाव आणि आडनावही बदलत असे. पदमनजींनी नाव बदलले नाही. जन्मभर ते बाबा पदमनजीच राहिले आणि मराठीतच लिहीत राहिले. धर्म बदलला म्हणजे भाषा आणि देश परका होतो, ही समजूत त्यांनी आपल्या आचरणानेच खोडून काढली.

विधवांच्या पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता दिली आणि पुढच्याच वर्षी ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासात ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहतात. पुढे यमुनेवरच वैधव्य ओढवते. अखेर ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. कायद्याने दिलेली मोकळीक घरातल्या माजघरापर्यंत पोहोचत नाही, हे पदमनजींनी स्वतः अनुभवले होते. कथेतला धर्मोपदेश अनेक टीकाकारांना खटकला आणि तो आक्षेप निराधार नाही. विष्णुशास्त्री पंडितांसारख्या सुधारकांनी हाच प्रश्न शास्त्राधारे सोडवण्याचा मार्ग धरला. तरीही केशवपनाच्या भीतीने थरथरणाऱ्या स्त्रीला मराठी गद्यकथेच्या मध्यभागी आणून बसवण्याचे श्रेय पदमनजींकडेच जाते.

पुण्यात त्यांनी काही काळ ख्रिस्ती मंडळीचे पाळक म्हणून काम केले. ‘सत्यदीपिका’ हे मासिक चालवले, ‘शब्दरत्नावली’ रचली आणि १८६३ मध्ये मोल्सवर्थच्या प्रचंड मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती तयार केली. त्यांच्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या शंभराच्या घरात जाते.

१८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी बेळगावच्या बालपणापासून बाप्तिस्म्यापर्यंतची वाट कथन केली. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. आपण सोडून आलेल्या घराचे, तेथील सणांचे आणि रीतिभातींचे तपशील त्यांनी त्यात बारकाईने नोंदवले आहेत. ज्या चालीरीतींवर त्यांनी कठोर टीका केली, त्यांचीच इतकी जिवंत नोंद त्यांच्या लेखणीतून उतरली. २९ ऑगस्ट १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. बेळगाव-निपाणी पट्ट्यातील मराठीचा इतिहास सांगताना कासारांच्या घरातून निघालेल्या या लेखकाला वगळून पुढे जाता येत नाही.