मेघनाद साहा आणि प्रयोगशाळेचे ऋण

साधनांचे दारिद्र्य हे बुद्धीचे भूषण आहे, अशी एक गोड समजूत आपल्याकडे रूढ आहे. डॉ. मेघनाद साहा यांचे चरित्र या समजुतीला पुष्टी देते असे वरवर वाटेल. वस्तुतः ते तिचे खंडन करते.

६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळच्या एका खेड्यात, एका लहान दुकानदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९०५ च्या वंगभंगविरोधी चळवळीत निषेधात सामील झाल्याबद्दल त्यांची शिष्यवृत्ती गेली आणि सरकारी शाळाही सुटली. तरीही हा मुलगा शिकला आणि कलकत्त्याच्या सायन्स कॉलेजात अध्यापक झाला. तेथे सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. कागद आणि गणित एवढेच हाती होते. तेवढ्या सामग्रीवर १९२० साली त्यांनी आपले प्रसिद्ध समीकरण मांडले. तप्त वायूतील अणूंपासून इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटतील, हे त्या वायूचे तापमान आणि दाब यांवर अवलंबून असते, हे त्याचे सार. ताऱ्यांच्या वर्णपटातील रेषांचा अर्थ त्यामुळे उलगडला. याच आधारावर १९२५ साली सेसिलिया पेन या विदुषीने तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले असल्याचा निष्कर्ष काढला.

परंतु साहांचे समाधान कागदावर झाले नाही. आपला सिद्धांत प्रयोगाच्या कसोटीस लावण्यासाठी ते लंडनला फाउलर यांच्याकडे आणि पुढे बर्लिनला नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत गेले. मायदेशी परतल्यावर अलाहाबादेत पंधरा वर्षे त्यांनी तुटपुंज्या साधनांशी झुंज दिली. १९५० साली कलकत्त्यात त्यांची अणुकेंद्रीय पदार्थविज्ञान संस्था उभी राहिली. १९५२ साली ते लोकसभेत निवडून गेले, तेथेही विज्ञानाची बाजू त्यांनी निर्भीडपणे मांडली. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन मंडळाच्या कचेरीकडे जात असताना त्यांना मृत्यूने गाठले.

त्यांचा प्रयोगाचा आग्रह किती यथार्थ होता, हे काळाने दाखविले आहे. साहांचे समीकरण विरळ वायूला लागू पडते. ताऱ्यांच्या अंतर्भागात अणू इतके दाटीने असतात की शेजाऱ्यांचा प्रभाव टाळता येत नाही. तेथे केवळ गणित अपुरे पडते. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत सुमारे वीस लाख अंश तापमानाचा लोखंडाचा दाट प्लाझ्मा निर्माण करण्यात आला. तो प्रारणाला सिद्धांताच्या अपेक्षेहून बराच अधिक अडवितो, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले आणि सूर्याविषयीची गणिते पुन्हा तपासणे शास्त्रज्ञांना भाग पडले.

साहांच्या नावाचा गौरव करणे सोपे आहे. त्यांना जे तरुणपणी परदेशी शोधावे लागले, ते आपल्या विद्यार्थ्यांना येथेच मिळवून देणे, हेच त्यांचे खरे स्मारक होय.