दंतकथा आणि चरित्र

लोकप्रिय कलावंताचे चरित्र दंतकथांच्या धुक्यात हरवते. रॉक संगीतातील विख्यात गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे तसेच झाले. ते जन्माने मुंबईकर, असा समज आपल्याकडे आढळतो. वस्तुतः फारुख बुलसारा यांचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये, पारशी कुटुंबात झाला. वडील तेथे ब्रिटिश सरकारच्या चाकरीत रोखपाल होते. १९५५ मध्ये, आठव्या वर्षी, मुलाला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडण्यात आले. मुख्याध्यापकांनी त्याचा कल ओळखला, संगीतशिक्षणाविषयी घरी पत्र लिहिले आणि आईवडिलांनी जादा फीचा भार पत्करला. १९६४ च्या झांझिबारमधील क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेले. तेथे १९७० मध्ये ‘क्वीन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सने त्यांचे निधन झाले. २०१८ च्या चित्रपटाने या आजाराचे निदान १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमाआधीच दाखविले. निकटवर्तीयांच्या सांगण्यानुसार ते १९८७ मधील होय. मृत व्यक्तीला खुलासा करता येत नाही. म्हणूनच तारखा पारखून घेणे हे जिवंतांचे कर्तव्य ठरते. जन्मस्थानाचा खोटा अभिमान महाराष्ट्राला नको. एका शिक्षकाने वेळीच ओळखलेला गुण, हे खरे श्रेय पुरेसे आहे. आणि ते जळकोटच्या शाळेलाही अप्राप्य नाही.