सल्फेटचे आडनाव देणारे लाव्हाझिये

द्राक्षांवर फवारायला मोरचूद लागतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात. पूर्वी काळ्या शाईत हिराकस घालीत. एक निळा, एक पांढरी, एक हिरवट. पण ही तिन्ही एकाच घराण्यातली, बरं का! त्या घराण्याला सल्फेट हे आडनाव ज्यांनी दिले, त्यांतले सर्वांत मोठे नाव म्हणजे फ्रान्सचे शास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिये.

त्यांचा जन्म पॅरिस शहरी २६ ऑगस्ट १७४३ रोजी झाला. वडील वकील होते. आंत्वान पाच वर्षांचा असताना आई वारली. आजीने आणि मावशीने त्याला वाढवले. घरच्या रीतीप्रमाणे तो कायदा शिकला खरा, पण त्याचा जीव रमे तो दगडधोंड्यांत.

पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीत जिप्समच्या खाणी होत्या. हा दगड भाजून कुटला की पांढरी भुकटी होते. तेच प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यात पाणी कालवले की ते पुन्हा घट्ट होते. गवंड्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, पण असे का होते? लाव्हाझियेंनी तराजू घेतला. दगड आधी तोलला, भाजून पुन्हा तोलला. भाजताना निघालेली वाफ थंड केली, तर ते निव्वळ पाणी! भुकटी घट्ट होते ती हेच गेलेले पाणी परत घेऊन. फेब्रुवारी १७६५ मध्ये त्यांनी हा शोध विज्ञान अकादमीपुढे वाचला. तेव्हा ते अवघे २१ वर्षांचे होते.

आज आपल्याला त्याचा हिशेब माहीत आहे. सल्फेट म्हणजे गंधकाचा एक अणू आणि ऑक्सिजनचे चार. जिप्सममध्ये त्याच्या जोडीला कॅल्शियमचा एक अणू आणि पाण्याचे दोन रेणू असतात. १०० ग्रॅम जिप्सममध्ये जवळजवळ २१ ग्रॅम पाणीच! मोडलेल्या हाताला घालतात ते प्लास्टर असेच घट्ट होते. गणपतीची प्लास्टरची मूर्तीही वाळली की पुन्हा जिप्समच होते, आणि जिप्सम लिटरभर साध्या पाण्यात फार तर अडीच ग्रॅम विरघळते. आपल्या गोराईच्या खाडीत शाडूची मूर्ती विरघळते आणि प्लास्टरची तशीच राहते, ती यामुळे.

पुढे १७७२ मध्ये त्यांनी दाखवले, की गंधक जळताना वजन वाढते, कारण ते हवेतून काहीतरी घेते. त्या काहीतरीला पुढे त्यांनीच ऑक्सिजन हे नाव दिले. त्या काळी हिराकसाला मंगळाचे व्हिट्रिऑल म्हणत, आणि एका क्षाराला तर तो शोधणाऱ्या ग्लाउबरचेच नाव होते. नावावरून आत काय आहे ते कळायचे नाही. १७८७ मध्ये लाव्हाझिये आणि त्यांच्या तिघा सोबत्यांनी नवी नावे ठरवली. मोरचूद झाले तांब्याचे सल्फेट, हिराकस झाले लोखंडाचे सल्फेट. नाव घेतले की घटक कळले!

या कामात पत्नी मारी यांची मोठी साथ होती. १७७१ मध्ये लग्न झाले तेव्हा त्या १३ वर्षांच्या होत्या. त्या इंग्रजी शिकल्या, नवऱ्यासाठी ग्रंथांचे भाषांतर केले. १७८९ च्या त्यांच्या मोठ्या ग्रंथातली उपकरणांची चित्रे मारीबाईंच्याच हातची.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. प्रयोगांना पैसा लागे, आणि तो येई राजासाठी कर गोळा करणाऱ्या मंडळीतून. लाव्हाझिये १७६८ पासून तिचे भागीदार होते. या करांत मिठावरचाही कर होता. १९३० मध्ये आपल्याकडे वडाळ्याच्या मिठागरांवर लोकांनी लाठ्या खाल्ल्या त्या मिठाच्या कायद्यापायीच. तेव्हा फ्रान्समधल्या गरिबांना या मंडळीविषयी काय वाटत असेल, ते आपल्याला कळते. क्रांती झाली आणि सगळे भागीदार पकडले गेले. ८ मे १७९४ रोजी, एकाच दिवशी, २८ जणांचा शिरच्छेद झाला. त्यांत ५० वर्षांचे लाव्हाझिये होते, आणि मारीबाईंचे वडीलही होते.

त्याच वर्षी मारीबाईंनाही काही काळ तुरुंगात ठेवले. घरातली कागदपत्रे, उपकरणे जप्त झाली. पुढे सरकारने ती परत दिली. नवऱ्याचे राहिलेले लेखन मारीबाईंनी १८०५ च्या सुमारास छापून घेतले आणि शास्त्रज्ञांना पाठवले.