पालवणकर बाळू

बाळू बाबाजी पालवणकर (१९ मार्च, १८७६ - ४ जुलै, १९५५) हे भारतीय क्रिकेटपटू आणि राजकीय कार्यकर्ते होते. डावखुरे मंदगती गोलंदाज म्हणून ते ओळखले जात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ते हिंदू संघाचे प्रमुख गोलंदाज होते आणि १९११ साली इंग्लंडला गेलेल्या अखिल भारतीय संघात त्यांनी सर्वाधिक बळी घेतले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चांभार समाजातून पुढे येऊन सर्व जातिधर्मांत कीर्ती मिळवणारे ते पहिले भारतीय खेळाडू मानले जातात.

धावफलकांवर त्यांचे नाव पी. बाळू असे आढळते. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे धाकटे भाऊही क्रिकेटपटू होते व त्यांची नावेही याच पद्धतीने लिहिली जात. त्यामुळे जुन्या सामन्यांची नोंद वाचताना चार भावांची गल्लत होऊ शकते.

पूर्वायुष्य

बाळूंचा जन्म धारवाड येथे झाला. कुटुंब मूळचे कोकणातील पालवण गावचे. आडनाव त्या गावावरूनच आले. वडील लष्करी सेवेत असल्याने बाळूंचे बालपण पुण्याच्या लष्करी भागात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट व चेंडूंनी ते आणि त्यांचे भाऊ क्रिकेट शिकले.

त्यांची पहिली नोकरी पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडणे व तिची निगा राखणे हे काम, आणि पगार दरमहा ३ रुपये. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर रुजू झाले. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, जाळी बांधणे, रेषा आखणे ही कामे तेथे त्यांच्याकडे होती. सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करणे हे काम त्यात पुढे आपोआप जोडले गेले. क्लबातील नामांकित फलंदाज जे. जी. ग्रेग त्यांच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेत. आपल्याला बाद केल्यास ग्रेग दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, बाळूंच्या गोलंदाजीची अचूकता याच सरावातून घडली. फलंदाजीचा सराव मात्र त्यांना तेथे मिळाला नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता.

पुण्याच्या हिंदू संघातील प्रवेश

पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंना पूना क्लबातील गोऱ्यांशी सामना खेळायचा होता आणि त्या गोऱ्यांना रोज गोलंदाजी करणारा माणूस त्यांच्या शहरातच होता. त्याला संघात घ्यावे की नाही यावर मतभेद झाले. तेलुगू सभासद त्यांना घेण्याच्या बाजूचे होते, तर काही ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता. अखेरीस जिंकण्याची इच्छा प्रबळ ठरली.

मैदानावर सर्व जण एकच चेंडू हाताळीत. चहाच्या वेळी मात्र बाकीचे खेळाडू मंडपात बसत आणि बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. त्यांचे जेवण वेगळ्या ताटात वाढले जाई व हातपाय धुण्यासाठी पाणी देण्याचे काम अस्पृश्य नोकराकडे असे. सातारा येथील गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध त्यांनी ७ बळी घेऊन विजय मिळवून दिल्यानंतर या वागणुकीत हळूहळू फरक पडू लागला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकमान्य टिळक यांनी त्यांचा जाहीर गौरव केला. ज्याच्याबरोबर खेळता येते त्याच्याबरोबर बसून खाता का येऊ नये, असा रानडे यांच्या म्हणण्याचा आशय होता.

मुंबई आणि १९०६चा सामना

पुण्यात प्लेगची साथ आल्यानंतर पालवणकर कुटुंब मुंबईस आले. बाळू तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. या जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशास काही सभासदांचा विरोध झाला होता. उपजीविकेसाठी त्यांनी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी धरली.

१९०६ साली हिंदूंनी पारशांना सामन्याचे आव्हान दिले. पारशांनी ते स्वीकारले नाही, मात्र युरोपियनांच्या बॉम्बे जिमखान्याने स्वीकारले. फेब्रुवारीत झालेल्या या सामन्यात हिंदूंनी २४२ व १६०, तर युरोपियनांनी १९१ व १०२ धावा केल्या. १०९ धावांच्या या विजयात बाळूंनी एकूण ८ बळी घेतले. वंगभंगविरोधी चळवळीचा तो काळ असल्याने या निकालाला क्रीडाबाह्य महत्त्वही आले. शिवराम हेही या सामन्यात खेळले होते. पुढच्या वर्षी तिरंगी स्पर्धा सुरू झाली व १९१२ साली मुस्लिम संघाच्या समावेशाने ती चौरंगी झाली.

१९११चा इंग्लंड दौरा

पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या संघात हिंदू, पारशी व मुस्लिम खेळाडू एकत्र होते. दौरा एकंदरीत अयशस्वी ठरला. १४ प्रथम श्रेणी सामन्यांपैकी केवळ लेस्टरशायर व सॉमरसेट यांच्याविरुद्ध विजय मिळाला. या पराभवांच्या मालिकेत बाळूंची कामगिरी उठून दिसते. दुखऱ्या खांद्याने त्यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणी सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध १०३ धावांत ८ बळी ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी याच दौऱ्यातील आहे. त्या वेळी त्यांचे वय पस्तिशीच्या घरात होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजातर्फे त्यांचा सत्कार झाला. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या मते या सत्काराच्या मानपत्राशी तरुण भीमराव आंबेडकर यांचा संबंध होता.

कर्णधारपदाचा वाद

संघातील ज्येष्ठ व सर्वांत यशस्वी गोलंदाज असूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीही मिळाले नाही. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी स्वतःच हा मान बाळूंचा असल्याचे जाहीरपणे मान्य केले होते. १९२० साली बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि पै आजारी असताना विठ्ठल यांना डावलून दि. ब. देवधर यांच्याकडे नेतृत्व सोपवले गेले. विठ्ठल व शिवराम यांनी जातीच्या कारणाने अन्याय झाल्याचे निवेदन काढून संघातून माघार घेतली. लोकमताच्या दबावामुळे अंतिम सामन्यासाठी दोघेही परतले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. पै काही काळ मैदानाबाहेर गेल्यावर संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. हीच त्यांची नेतृत्वाची एकमेव संधी. १९२३ साली कर्णधारपद मिळाले ते विठ्ठल यांना, आणि त्या वर्षी हिंदू संघ विजयी झाला.

बाळूंनी ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १५.२१च्या सरासरीने १७९ बळी घेतले. सतरा वेळा त्यांनी डावात पाच किंवा अधिक बळी मिळवले. भारताला कसोटी दर्जा १९३२ साली मिळाला. तोवर ते निवृत्त झाले होते.

राजकारण

गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारण कार्याचे बाळू समर्थक होते. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या विरोधात एम. सी. राजा यांची बाजू घेतली. २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर मात्र तिघांच्याही सह्या आहेत. १९३३ साली हिंदू महासभेतर्फे त्यांनी मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली व ते पराभूत झाले.

१९३७च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना भायखळा-परळ मतदारसंघात थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. गिरणगावातील या लढतीत आंबेडकरांना १३,२४५ तर बाळूंना ११,२२५ मते मिळाली. तरुणपणी आंबेडकरांना ज्यांच्या कीर्तीचा अभिमान वाटत असे, त्यांच्याशीच हा सामना झाला. दलितांचे राजकीय प्रतिनिधित्व स्वतंत्र पक्षाने करावे की काँग्रेसने, हा खरा वाद होता.

निधन व स्मारक

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. सांताक्रूझ येथील अंत्यसंस्कारास क्रिकेटपटू तसेच राजकीय नेते उपस्थित होते. विठ्ठल यांच्या 'माझे क्रीडा जीवन' या आत्मचरित्रातून आणि गुहा यांच्या संशोधनातून त्यांच्याविषयीची बरीच माहिती उपलब्ध झाली आहे. मुंबईतील प्रभादेवी येथील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. पाटीवरही ते धावफलकाप्रमाणेच पी. बाळू मार्ग असे आहे.