आजचं मनन : यशया 54 आणि जोडे शिवणारा विल्यम



आजचा शास्त्रभाग यशया 54, वचनं 1 ते 10. मूल नसलेल्या, टाकून दिलेल्या एका स्त्रीला देव सांगतो की तुझ्या तंबूची जागा वाढव, दोऱ्या लांब कर, मेखा घट्ट ठोक. यातलं दुसरं-तिसरं वचन तुम्ही युथ कॅम्पच्या बॅनरवर नक्की पाहिलं असेल. 30 मे 1792 या दिवशी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम गावात याच दोन वचनांवर एका तीस वर्षांच्या माणसाने संदेश दिला. त्याचं नाव विल्यम केरी. संडे स्कूलमध्ये आपण त्यांना आधुनिक मिशनकार्याचे जनक म्हणून शिकतो आणि मग विसरून जातो. आज मला त्यांच्या नोकऱ्यांबद्दल लिहायचं आहे. खरं तर सुटलेल्या नोकऱ्यांबद्दल.

विल्यमचा जन्म 17 ऑगस्ट 1761 चा, नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी या खेड्यातला. वडील विणकर, पुढे गावच्या शाळेचे मास्तर झाले. मुलाला झाडं, किडे, पक्षी यांचं वेड, त्यामुळे शेतातलं काम त्याला मनापासून हवं होतं. पण त्वचेचा असा काही त्रास होता की ऊन लागलं की चेहरा आणि हात सोसेनासे व्हायचे. दोनेक वर्षं रेटून पाहिलं, जमलं नाही. मग घरच्यांनी चौदाव्या वर्षी त्याला पिडिंग्टन गावात क्लार्क निकोल्स नावाच्या जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला बसवलं. उन्हाचा मुलगा अंधाऱ्या दुकानात आरी आणि रांपी घेऊन बसला.

त्या दुकानात आधीच एक उमेदवार होता, जॉन वॉर. हा जॉन सरकारी चर्चबाहेरच्या मंडळीतला. विल्यम पक्का अँग्लिकन घरातला, शिवाय वाद घालण्यात पटाईत. दोघं कातडं शिवता शिवता भांडायचे. वाद विल्यम जिंकायचा आणि आतून मात्र अस्वस्थ व्हायचा, कारण जॉनच्या वागण्यात जे होतं ते आपल्यात नाही हे त्याला दिसत होतं.

त्यात ते शिलिंगचं प्रकरण झालं. नाताळात गिऱ्हाइकांकडून बक्षिसी मिळायची. एका दुकानदाराने विल्यमला खोटं शिलिंग दिलं. त्याने ते गुपचूप मालकाच्या पैशात सरकवलं, खरं नाणं स्वतःकडे ठेवलं आणि वर देवाकडे प्रार्थनाही केली की एवढं एकदा निभावून ने! चोरी पकडली गेली. शरमेने त्याला गावात तोंड दाखवणं नको झालं. मालकाने मात्र त्याला काढलं नाही. पुढे जगभर नाव झाल्यावरही ही गोष्ट केरींनी लपवली नाही, स्वतःच सांगितली. 10 फेब्रुवारी 1779 या राष्ट्रीय प्रार्थनेच्या दिवशी जॉनबरोबर तो हॅकल्टनच्या छोट्या सभेला गेला आणि तिथे त्याने आपलं आयुष्य ख्रिस्ताला दिलं. 1783 मध्ये नेन नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला.

इथे जरा थांबा. शेतीचं काम सुटलं नसतं तर जॉन वॉर भेटला नसता. या जॉनबद्दल इतिहासात फारसं काही नाही. पुस्तकं नाहीत, पुतळे नाहीत. शेजारच्या स्टुलावर बसून जोडे शिवणारा एक सहकारी, एवढंच.

आता तुम्हाला वाटेल की इथून सगळं सुरळीत झालं. छे! निकोल्स वारले. विल्यम दुसऱ्या मालकाकडे, थॉमस ओल्डकडे गेला. 1781 मध्ये डोरोथी प्लॅकेटशी लग्न झालं. पहिली मुलगी तापात गेली. मग ओल्डही वारले, धंदा विल्यमच्या गळ्यात पडला आणि मालकाच्या विधवेची जबाबदारीही. जोडे विकायला गावोगाव पायपीट. 1785 मध्ये मोल्टनला शाळा काढली, तर पोरं काही त्याला आवरेनात. त्यातच गावातला जुना मास्तर परत आला, विद्यार्थी गळाले आणि पुन्हा आरी हातात आली. त्याच सुमारास ओल्नीच्या मंडळीपुढे त्याने पाळक होण्यासाठी उपदेश करून दाखवला. मंडळीने ऐकून घेतलं आणि आणखी थांबायला सांगितलं. म्हणजे चक्क इंटरव्ह्यूमध्ये होल्डवर! होकार मिळायला वर्षभर लागलं.

दुकानाच्या भिंतीवर त्याने कागद चिकटवून जगाचा मोठा नकाशा केला होता. कोणत्या देशात किती लोक, धर्म कोणता, हे त्यावर लिहायचं आणि काम करता करता त्यासाठी प्रार्थना करायची. लॅटिन, ग्रीक, हिब्रू हेही तसंच, कामाच्या मधल्या वेळात.

नॉटिंगहॅमच्या त्या संदेशानंतर चारच महिन्यांनी, 2 ऑक्टोबर 1792 ला, केटरिंगमध्ये एका विधवेच्या घरी काही पाळक जमले आणि मिशन सोसायटी स्थापन झाली. वर्गणीचे आकडे मिळून 13 पौंड, 2 शिलिंग, 6 पेन्स. कोणत्याही स्टार्टअपला हसू येईल असं भांडवल.

यापुढचा भाग मला कधीच सोपा गेलेला नाही. डोरोथीला भारतात यायचं नव्हतं. ती गरोदर होती, गाव सोडून कुठे गेलेली नव्हती. केरी मोठ्या मुलाला, फेलिक्सला घेऊन निघाले. पण सोबतचे डॉक्टर जॉन थॉमस कर्जात बुडालेले, शिवाय ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नाही. कप्तानाने त्यांना जहाजावरून उतरवलं. सगळं फिसकटलं. त्या विलंबात केरी घरी परतले आणि डोरोथीचं मन वळवलं गेलं. बहीण किटी बरोबर येणार असेल तर येते, असं तिने कबूल केलं. महिन्याभराचं बाळ घेऊन ती 13 जून 1793 ला डॅनिश जहाजावर चढली.

बहुतेक चरित्रांत हा प्रसंग देवाच्या योजनेचा नमुना म्हणून येतो. जहाज चुकलं म्हणून कुटुंब एकत्र आलं! मला हे वाक्य उच्चारताना अडखळायला होतं. कलकत्त्याला नोव्हेंबरमध्ये पोचल्यावर पैसे संपले. सुंदरबनाच्या कडेला हाल झाले. मग मालदा भागात मुदनाबाटी इथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. तिथे 1794 मध्ये त्यांचा पाच वर्षांचा पीटर तापाने गेला. डोरोथीचं मन त्यातून सावरलंच नाही. भ्रम होऊ लागले, नवऱ्यावर भलतेसलते आरोप, आरडाओरडा. पुढे तिला खोलीत बंद ठेवावं लागे, आणि शेजारच्या खोलीत केरी भाषांतर करत बसत. 1807 मध्ये ती वारली. बारा-तेरा वर्षं हे असं. टाकलेल्या, मनाने खचलेल्या स्त्रीबद्दल यशया 54 च्या सहाव्या वचनात देव बोलतो. केरींनी ज्या दोन वचनांवर उपदेश केला त्याच्या अगदी जवळ ते आहे. बॅनरवर ते कोणी छापत नाही.

हे मी का लिहितोय? गेल्या वर्षी माझी नोकरी गेली. सहा वर्षं काम केलेल्या कंपनीने पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलमध्ये सांगितलं. पुढच्या दोन आठवड्यांत मला किती जणांनी सांगितलं असेल की देवाने तुझ्यासाठी याहून मोठं काहीतरी ठेवलंय! प्रेमानेच सांगितलं, मान्य. पण माझी बायको तेव्हा स्वयंपाकघरात होम लोनचा हप्ता मोजत होती, तिला कोणी काही विचारलं नाही. त्या दिवसांत मी केरींचं चरित्र पुन्हा काढलं, आणि पहिल्यांदाच डोरोथीच्या बाजूने वाचलं. मोठं काहीतरी मिळतं म्हणून केरी टिकले असं मला त्यात सापडलं नाही. मोठं मिळण्याच्या कितीतरी आधी, दुकानातल्या स्टुलावर, त्यांना ख्रिस्त मिळाला होता. बाकीच्या गोष्टी आल्या आणि गेल्या.

निळीचं कामही गेलंच. पूर आला, पीक बुडालं, 1799 मध्ये कारखाना बंद करायचं ठरलं. केरींनी साठवलेला पैसा दुसऱ्या जागी गुंतवला, तोही बुडाला. सात वर्षांत एकही बंगाली माणूस ख्रिस्ताकडे वळला नव्हता. हातात होतं ते एक लाकडी छापयंत्र आणि बंगाली नव्या कराराचं हस्तलिखित. इंग्लंडहून आलेल्या मार्शमन आणि वॉर्ड यांना कंपनीच्या भीतीने डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपूरमध्ये आसरा घ्यावा लागला होता. जानेवारी 1800 मध्ये केरी तिकडे गेले. वर्षाच्या शेवटी, 28 डिसेंबरला, कृष्ण पाल या सुताराचा हुगळी नदीत बाप्तिस्मा झाला.

1801 पासून ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात भाषा शिकवू लागले. आधी बंगाली, मग संस्कृत आणि मराठीसुद्धा! केरी मराठी मुलुखात कधीच आले नाहीत, पण पंडित वैजनाथ यांच्या मदतीने त्यांनी 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810 मध्ये कोश, त्यात मराठी शब्द मोडी अक्षरांत. 1811 मध्ये मराठी नवा करार निघाला. आज आपण वाचतो तो अनुवाद त्यांचा नाही, त्यानंतर कितीतरी हात लागले. तरी आपल्या भाषेतल्या शुभवर्तमानाच्या छपाईची सुरुवात श्रीरामपुरात, निळीच्या बुडालेल्या नोकरीनंतर झाली, हे मला फार गोड वाटतं. कॉलेजचा पगार मोठा होता. तो मिशनच्या सामाईक खात्यात जायचा.

11 मार्च 1812 च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागदाचे गठ्ठे, अनेक भाषांचे टाइप, अनेक भाषांच्या कोशाचं हस्तलिखित, तेलुगू आणि पंजाबी व्याकरणं, वर्षानुवर्षांचं काम एका रात्रीत राख झालं. केरी कलकत्त्यात होते. दुसऱ्या दिवशी मार्शमननी येऊन सांगितलं. श्रीरामपूरला परतल्यावर कळलं की राखेत अक्षरं पाडायचे पोलादी ठसे शाबूत आहेत आणि छापयंत्रंही वाचली आहेत. टाइप पुन्हा ओतायला सुरुवात झाली. केरी पन्नाशीचे होते, कोशाचं काम पुन्हा पहिल्या शब्दापासून.

एक गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगतात. गव्हर्नर जनरलकडे मेजवानी होती. कोणीतरी अधिकारी मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होता की हे केरी पूर्वी जोडे बनवायचे ना? केरींनी दुरुस्ती केली. बनवणारा कुठला, फक्त फाटलेले दुरुस्त करणारा होतो, असं त्यांनी सांगितलं. 9 जून 1834 ला श्रीरामपुरातच ते वारले.

आज प्रार्थनेत ज्यांची नोकरी गेली आहे अशा एका तरी माणसाचं नाव घ्या, आणि त्याच्या घरी जो हिशेब करत बसला आहे त्याचंही. यशया 54 वाचताना सहाव्या वचनापर्यंत जा, तिसऱ्याशी थांबू नका. उद्या अध्याय 55.