हल्दीराम : बिकानेरच्या गल्लीतून देशभर पोहोचलेले नाव

नवी दिल्ली – कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जाणाऱ्या कस्तुरबा गांधी मार्गावर दुपारी कार्यालयांची जेवणाची सुट्टी झाली की पदपथावरील हातगाड्यांभोवती गर्दी जमते. छोले-कुलचे, राजमा-भात, ब्रेड पकोडा, लिंबू सरबत अशा साध्या पदार्थांवर शेकडो कर्मचाऱ्यांची भूक भागते. पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मार्गावर २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदनही उभे आहे. ज्या गाडीवाल्याचा जम बसतो, त्याच्यासमोर एक प्रश्न हमखास उभा राहतो. दुसऱ्या ठिकाणी दुसरी गाडी लावावी काय? लावली, तर तेथील चव कोण सांभाळणार, पैसा कोण मोजणार आणि उद्या त्या गाडीवरील नाव कोणाचे राहणार?

या मार्गापासून चालत जाण्याच्या अंतरावर, कॅनॉट प्लेसमध्ये, हल्दीराम या नावाचे मोठे उपाहारगृह आहे. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, त्या गंगाबिशन अग्रवाल यांना हाच प्रश्न आयुष्यात एकदा नव्हे तर अनेकदा सोडवावा लागला. त्यांच्या उत्तरांपैकी काही अचूक ठरली. एकाची किंमत मात्र त्यांच्या पुढील पिढ्यांना न्यायालयात मोजावी लागली.

बिकानेरचे बालपण

गंगाबिशन यांचा जन्म १९०८ चा, राजस्थानातील बिकानेरचा. आई त्यांना लाडाने हल्दीराम म्हणत असे. पुढे हे घरगुती नावच मूळ नावापेक्षा मोठे झाले. आजोबा भिखाराम आणि वडील तनसुखदास यांचे बिकानेरमध्ये भुजियाचे लहानसे दुकान होते. भुजिया करण्याची रीत घरात आणली ती एका आत्याने. सासरी शिकलेली कला तिने माहेरी शिकविली, असे कुटुंबाच्या आठवणींत सांगितले जाते. म्हणजे ज्या पदार्थाने पुढे देशभर प्रवास केला, त्याचा पहिला प्रवास एका घरातून दुसऱ्या घरात झाला होता.

अकरा-बारा वर्षांच्या वयातच हा मुलगा दुकानात बसू लागला. शाळेपेक्षा कढईजवळ त्याचे मन अधिक रमे. त्या काळी बाजारात मिळणारी भुजिया बेसनाची, जाडसर आणि मऊ असे. सर्वच दुकानांतील माल सारखा असल्याने गिऱ्हाईक कोणत्याही दारी थांबे. गंगाबिशन यांनी बेसनाऐवजी मटकीच्या पिठाचा प्रयोग केला. मटकी हे बिकानेरच्या कोरड्या, वालुकामय जमिनीत सहज येणारे पीक. या पिठाला वेगळी चव होती. त्यांनी झाऱ्याची छिद्रे बारीक करून शेव अधिक पातळ आणि कुरकुरीत पाडली.

मालात फरक पडताच त्यांनी भावही वाढविला. जुन्या भावाच्या दुपटीहून अधिक दराने ही भुजिया विकली जाऊ लागली. तिला नाव दिले गेले डुंगर शेव. महाराजा डुंगरसिंह हे बिकानेरचे लोकप्रिय राजे. १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले होते, तरी जनतेच्या मनात त्यांच्याविषयी आदर कायम होता. राजाच्या नावामुळे गल्लीतील खाद्यपदार्थाला प्रतिष्ठा लाभली. जाहिरात हा शब्दही ज्या बाजारात फारसा रुळला नव्हता, तेथे एका अल्पशिक्षित तरुणाने नावाचे मोल ओळखले होते. आजची कंपनी आपली स्थापना १९३७ ची मानते.

पुन्हा रस्त्यावर

एकत्र कुटुंबाचा व्यवसाय वाढला की कुरबुरीही वाढतात. अग्रवाल कुटुंबही त्याला अपवाद नव्हते. १९४४ च्या सुमारास घरातील कलह विकोपाला गेला आणि गंगाबिशन पत्नी चंपादेवी व मुलांसह घराबाहेर पडले. ज्या दुकानाची कीर्ती त्यांनी वाढविली होती, त्यात त्यांचा वाटा उरला नाही. वयाच्या पस्तिशीत त्यांना शून्यापासून आरंभ करावा लागला.

या काळातील एक आठवण कुटुंबात आवर्जून सांगितली जाते. पूर्वी कधी तरी त्यांनी अल्लाबेली नावाच्या मित्राला अडचणीत पैसे दिले होते. ते पैसे त्या मित्राने नेमके याच वेळी परत केले आणि त्यातून नव्या धंद्याचे भांडवल उभे राहिले. चंपादेवी घरी मूगडाळ तयार करीत आणि गंगाबिशन ती बिकानेरच्या रस्त्यांवर फिरून विकत. हातात दुकान नव्हते, पाटी नव्हती. होती ती केवळ ओळख. हळूहळू पुन्हा लहान दुकान उभे राहिले आणि भुजियाची कढईही पुन्हा तापली.

या प्रसंगाने एक गोष्ट सिद्ध झाली. जुनी जागा गेली, तरी गिऱ्हाईक त्यांच्या मागे आले. धंद्याचे खरे भांडवल जागेत नसून हाताच्या चवीत आणि माणसावरील विश्वासात होते.

कोलकात्याची वाट

स्वातंत्र्यानंतरच्या दशकात, १९५० नंतर, गंगाबिशन एका विवाहानिमित्त कोलकात्याला गेले. सोबत नेलेली भुजिया तेथील मंडळींना फार आवडली आणि याच शहरात दुकान काढावे, असा विचार पुढे आला. बिकानेरपासून दीड हजार किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या शहरात दुकान काढणे हे वरकरणी धाडस वाटते. परंतु त्यामागे हिशेब होता. राजस्थानातील मारवाडी व्यापारी कुटुंबे अनेक पिढ्यांपासून कोलकात्याच्या बडाबाजार परिसरात स्थिरावली होती. भुजियाची चव त्यांना नव्याने शिकवावी लागणार नव्हती. गावाकडच्या चवीची त्यांना ओढ होती. गंगाबिशन नव्या गावात गेले, परंतु ते जुन्या गिऱ्हाइकापाशीच गेले, असे म्हणता येईल.

दुसरी अनुकूल बाब पदार्थाच्या स्वभावातच होती. तळलेल्या शेवेत पाण्याचा अंश अत्यल्प असतो. हवाबंद ठेवल्यास ती अनेक दिवस टिकते. पातळ भाजी किंवा भिजविलेले छोले सकाळी करून संध्याकाळपर्यंत संपवावे लागतात. शेवेचे तसे नाही. ती एका जागी तयार करून दुसऱ्या जागी विकता येते.

तिसरी बाब माणसांची. कोलकात्याचे दुकान त्यांनी परक्या व्यवस्थापकाच्या हाती दिले नाही. धाकटी मुले सत्यनारायण आणि रामेश्वरलाल यांच्यावर ती जबाबदारी आली. थोरला मुलगा मूलचंद बिकानेरला राहिला. धंद्याची घडी बसल्यावर स्वतः गंगाबिशन बिकानेरला परतले. चव आणि गल्ला, दोन्ही घरच्याच हाती राहिले.

नागपूरचा प्रयोग

पुढील विस्ताराचा मान महाराष्ट्राला मिळाला. मूलचंद यांचे पुत्र शिवकिसन यांनी नागपुरात व्यवसायाचा जम बसविला. तेथील कारभाराची सुरुवात १९७० ची मानली जाते. देशाच्या मध्यभागी असलेले आणि चारही दिशांच्या रेल्वेमार्गांनी जोडलेले हे शहर व्यापाराला सोयीचे होते. अडचण वेगळीच होती. कोलकात्याप्रमाणे येथील गिऱ्हाईक भुजियाची वाट पाहत बसलेले नव्हते.

येथे तिसऱ्या पिढीने आजोबांच्या पद्धतीत बदल केला. शिवकिसन यांनी मिठाईकडे लक्ष वळविले. काजूकतलीचे तुकडे गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवून, आधी चव दाखवून, मग विक्री करण्याचा मार्ग त्यांनी अवलंबिला. कालांतराने नागपूरच्या संत्र्याची बर्फी ही या दुकानांची ओळख बनली. आज नागपूरहून परतणारा प्रवासी घरी संत्रा बर्फीचा डबा घेऊन येतो, तेव्हा तो राजस्थानी नाव असलेल्या दुकानातून वैदर्भीय फळाची मिठाई नेत असतो. एका गावची चव दुसऱ्या गावी जशीच्या तशी चालेलच असे नाही, हे नागपूरने या कुटुंबाला शिकविले.

नावाची वाटणी

व्यवसाय वाढत असताना एक प्रश्न मागे राहिला होता. हल्दीराम हे नाव कोणाचे? गंगाबिशन, मूलचंद, सून कमलादेवी आदींची १९६५ पासून एक भागीदारी पेढी होती. तिच्या वतीने १९७२ मध्ये या नावाच्या व्यापारचिन्हाच्या नोंदणीसाठी अर्ज करण्यात आला. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९७४ मध्ये, ही भागीदारी विसर्जित झाली. त्या वेळी केलेल्या दस्तऐवजानुसार पश्चिम बंगालपुरता नावाचा अधिकार कमलादेवी यांच्याकडे आणि उर्वरित देशासाठी मूलचंद यांच्याकडे गेला. एकच नाव नकाशावर रेघ ओढून दोन घरांत वाटले गेले.

गंगाबिशन यांचे १९८० च्या सुमारास निधन झाले. त्यानंतर नातू मनोहरलाल व मधुसूदन यांनी दिल्लीत चांदनी चौकात दुकान थाटले. १९८४ च्या हिंसाचारात हे दुकान जळून खाक झाले. तरीही धंदा पुन्हा उभा करण्यात आला आणि राजधानीत हे नाव घरोघरी पोहोचले. मूलचंद १९८५ मध्ये निवर्तले.

१९९० च्या दशकाच्या आरंभी कोलकाता शाखेकडून दिल्लीतील करोल बाग भागात याच नावाने दुकान काढण्याचा प्रयत्न झाला आणि भाऊबंदांतील वाद न्यायालयात गेला. तांत्रिक मुद्द्यावर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. नोंदणी न झालेल्या भागीदारी पेढीला असा दावा लावता येतो काय, हा तो मुद्दा होता. कायद्याने किंवा सर्वसाधारण विधितत्त्वांनी मिळालेल्या हक्कासाठी असा दावा चालू शकतो, असा निर्णय न्यायालयाने २००० मध्ये दिला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना आज हा निवाडा अभ्यासावा लागतो. रस्त्यावर मूगडाळ विकून संसार सावरणाऱ्या दांपत्याने याची कल्पनाही केली नसेल.

दरम्यान, मूलचंद यांचे आणखी एक पुत्र शिवरतन यांनी १९९३ मध्ये बिकाजी हे स्वतंत्र नाव घेऊन बिकानेरमध्ये उद्योग उभारला. २०२२ मध्ये त्या कंपनीचे समभाग शेअर बाजारात आले. बिकानेरी भुजियाला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हल्दीराम हे सुविख्यात व्यापारचिन्ह असल्याचे घोषित केले. २०२५ मध्ये दिल्ली व नागपूर शाखांचे खाद्यपदार्थ व्यवसाय एकत्र आले आणि सिंगापूरच्या टेमासेक या गुंतवणूक संस्थेने त्यात हिस्सा घेतला. नातवंडांनी वेगवेगळ्या शहरांत वाढविलेले धंदे पुन्हा एका छत्राखाली येण्यास अर्धशतक लागले.

पदपथावरील प्रश्न

आता पुन्हा कस्तुरबा गांधी मार्गाकडे वळू. हा भाग नवी दिल्ली नगरपालिका परिषदेच्या हद्दीत येतो. याच परिषदेविरुद्ध सोदनसिंह या जनपथवरील कपडे विक्रेत्याने लढविलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये पदपथावर व्यवसाय करण्याचा हक्क मान्य केला. मात्र विशिष्ट जागेवर कायमचा हक्क सांगता येणार नाही, हेही स्पष्ट केले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्याला प्रमाणपत्राचे संरक्षण दिले. त्यासाठी विक्रेत्याने व्यवसाय स्वतः किंवा कुटुंबातील व्यक्तीमार्फत करण्याची हमी द्यावी लागते. प्रमाणपत्र भाड्याने देता येत नाही अथवा हस्तांतरित करता येत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेतून टप्प्याटप्प्याने खेळत्या भांडवलासाठी कर्ज मिळते. २०२५ मधील फेररचनेनंतर पहिल्या टप्प्याची रक्कम १५ हजार, दुसऱ्याची २५ हजार आणि तिसऱ्याची ५० हजार रुपये आहे.

या चौकटीत एका गाडीच्या चार गाड्या करणे सोपे नाही. पगारी माणसे नेमून पदपथावर शाखा काढण्याला हा कायदा वाव देत नाही. म्हणून ज्याला वाढायचे आहे, त्याला बहुधा गंगाबिशन यांच्याच वाटेने जावे लागते. टिकणारा पदार्थ निवडायचा, तो एका ठिकाणी तयार करायचा, घरच्या माणसाला दुसऱ्या ठिकाणी बसवायचे आणि जेथे आपली चव ओळखणारे लोक आहेत तेथे आधी जायचे.

एक गोष्ट मात्र त्यांच्यापेक्षा लवकर करावी लागेल. दुसरी गाडी मुलाने लावली आणि तिसरी पुतण्याने, तर पाटीवरील नाव कोणाचे, ते कोठे वापरायचे आणि वाटणी झाल्यास त्याचे काय होणार, हे गाडी सुरू होण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवणे हिताचे. गंगाबिशन यांच्या घरात हा दस्तऐवज झाला, तो भागीदारी मोडताना.