एव्हरेस्ट साहेबांचा ओळंबा

एव्हरेस्ट म्हटलं की आमच्या तुलसी नगरात सगळ्यांना शिखर आठवतं. मला सिरोंज आठवतं. भोपाळच्या उत्तरेला, विदिशा जिल्ह्यात. तिथल्या कल्याणपूर या ठिकाणाला केंद्र मानून जॉर्ज एव्हरेस्ट यांनी भारताची मोजणी बसवली.

जन्म १७९० चा. सोळाव्या वर्षी भारतात. १८२३ मध्ये त्यांचे वरिष्ठ लॅम्ब्टन हिंगणघाटला वारले (हो, आपल्या वर्धा जिल्ह्यातलंच) आणि त्रिकोणमितीय सर्वेक्षण एव्हरेस्टांच्या हाती आलं. माणूस तापट. सिरोंजला पोचेपर्यंत आजारपणाने हातपाय चालेनासे झाले होते, तरी पायारेषा मोजूनच ते १८२५ मध्ये इंग्लंडला गेले. १८३० मध्ये परतले, आणि पुढे तीच रेषा नव्या उपकरणांनी पुन्हा मोजवली!

या मोजणीचा सगळा भरवसा ओळंब्यावर. गवंड्याकडे असतो तोच. वजन म्हणजे पृथ्वीची ओढ. ती ज्या दिशेला, तिकडे ओळंबा लोंबतो. कल्याणपूर ते मुझफ्फरनगरजवळचं कलियाना हे अंतर जमिनीवर मोजलं आणि ताऱ्यांवरून काढलं, तर ५.२३६ सेकंदांचा फरक आला. म्हणजे साधारण १६० मीटर. एव्हरेस्टांनी तो मोजणीतला दोष समजून वाटून टाकला.

१८५५ मध्ये कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी गणित मांडलं. (पाद्री, पण अँग्लिकन, आमचे नव्हेत.) हिमालयाचं वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढतंय. पण हिशेबाने ही ओढ १५ सेकंदांहून जास्त यायला हवी होती, जवळपास तिप्पट. मग पर्वत एवढा कमी का ओढतो? त्याच वर्षी एअरी यांनी सुचवलं की पर्वताखाली हलक्या खडकाचं खोल मूळ आहे, पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यासारखं. मला तर ही गोष्ट शिखराच्या उंचीहून मोठी वाटते.

शिखराला एव्हरेस्टांचं नाव द्यायचं ठरलं तेव्हा त्यांनीच हरकत घेतली होती. इथल्या लोकांना ते उच्चारता येणार नाही, म्हणून. खरं तर ते स्वतः ईव्हरेस्ट म्हणत, आपण सगळेच चुकीचं म्हणतो.

भोपाळात ६० किलो भरणारा माणूस त्या शिखरावर ताणकाट्याला टांगला तर सुमारे १४० ग्रॅम कमी भरेल. तराजूत मात्र काहीच कळणार नाही, कारण वजनमापंही तेवढीच हलकी होतात. एव्हरेस्ट १८४३ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी गेले आणि १८६६ मध्ये वारले. इंग्लंडमधल्या होव्ह गावी, समुद्रकाठी, त्यांना पुरलंय.